१/२४ कोरोला एई८६: पुढची उंची २.१ मिमी खाली आणताना – प्रकल्प नोंदी

८ जून

किट: टोयोटा कोरोला लेविन एई८६ या गाडीचं प्लास्टिक मॉडेल, १/२४ (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं). इंजिन नाही, बॉनेट उघडत नाही. पुढे स्ट्रट (सस्पेन्शनचा उभा खांब) आणि नकल (चाक धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) एकाच तुकड्यात, लोअर आर्म (नकलला खालून धरणारा आडवा दांडा) आणि क्रॉसमेंबर (चासीखालची आडवी तुळई) मिळून दुसरा तुकडा, चाकं पॉली कॅपवर (चाकात बसणारी मऊ प्लास्टिकची टोपी). रंगाच्या आधी कोरडी जुळणी करून पाहिली. गाडी नाक वर करून उभी राहते, ते दोन हात लांबूनही दिसतं.

चाकाला हात लावायच्या आधी एक तपासणी: बॉडी चासीवर खरंच पूर्ण बसली आहे का? पुढची उंची जास्त दिसण्याचं कारण बऱ्याचदा चाकापाशी नसतंच. डॅशबोर्डची वरची कड विंडस्क्रीनच्या चौकटीला खालून टेकते, नाहीतर रेडिएटरची चौकट बॉनेटच्या पोटाला लागते, आणि अख्खं नाक मिलिमीटरभर उचललं जातं. म्हणून सीट-डॅशबोर्डचा टब काढून, नुसती बॉडी आणि चासी मास्किंग टेपने चार ठिकाणी आवळून मोजायची. मग टब घालून पुन्हा मोजायची. इथे दोन्ही वेळा आकडे तेच आले, तेव्हा टब निर्दोष.

मोजमाप जाड काचेवर. टेबल, लाकडी फळी, कटिंग मॅट यांच्यावर विसंबू नये. मॅट तर एका कोपऱ्यात उचललेली असतेच. व्हर्नियरची खोली मोजणारी सळई चाकावरच्या कमानीच्या कडेवर घसरते, त्यामुळे १ मिमी आणि ०.५ मिमी प्लास्टिक शीटच्या चकत्यांचा पायऱ्यापायऱ्यांचा मोजठोकळा केला. तो कमानीखाली सरकवायचा आणि उरलेली फट ०.१ च्या कागदी पट्ट्यांनी भरून वाचायची. छपाईचा साधा ८० जीएसएमचा कागद जवळपास ०.१ मिमी भरतो.

काचेपासून, मिमीमध्ये:
पुढची कमान: डावी २७.९, उजवी २७.७
मागची कमान: दोन्ही २६.३
दाराखालची सिल, पुढच्या ॲक्सलच्या २० मिमी मागे: ९.२
तीच सिल, मागच्या ॲक्सलच्या २० मिमी पुढे: ७.९
पुढच्या बंपरखालचा ओठ: ८.४

९ जून

किती खाली आणायचं हा आकडा कमानीवरून काढला की घोळ होतो. खऱ्या गाडीतही पुढच्या आणि मागच्या कमानी एका उंचीवर कापलेल्या नसतात, त्यामुळे दोन्ही कमानी एका रेषेत आणायच्या नादात गाडी वाकडी बसते. सिल मात्र सरळ असते. दोन मोजबिंदूंमधलं अंतर ६० मिमी आणि फरक १.३, म्हणजे १०० मिमीत २.१७. या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) २४०० मिमी, १/२४ मध्ये बरोबर १००. तेव्हा सिल समपातळीत आणायला पुढचं ॲक्सल जवळपास २.१ मिमीने आत जायला हवं. तोच आकडा धरला.

आता हा आकडा कमानीवर तपासायचा. टायरचा व्यास २४.०, म्हणजे हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) केंद्र काचेपासून १२.०. पुढच्या कमानीची दोन्हीकडची सरासरी २७.८, तेव्हा हबपासून कमानीची कड १५.८, २.१ वजा केल्यावर १३.७. टायरच्या माथ्यावर १.७ मिमी फट राहील, खऱ्या गाडीत सुमारे ४१ मिमी. रस्त्यावर चालवायच्या, किंचित बसक्या गाडीला शोभेल अशी फट आहे. हाच आकडा ०.५ आला असता तर सिलचं मोजमाप पुन्हा घेतलं असतं.

नाक खाली गेलं की मागच्या ॲक्सलभोवती सगळी गाडी फिरते, हे विसरलं जातं. बंपरचा ओठ पुढच्या ॲक्सलच्या ३४ मिमी पुढे आहे, त्यामुळे तो २.१ नव्हे तर २.८ खाली येणार: ८.४ चे ५.६. मागचा बंपर मागच्या ॲक्सलच्या ४० मिमी मागे, तो ०.८ वर जाणार. ओठाला खाली वेगळा स्पॉयलर लावायचा असेल तर त्याची उंची आत्ताच ठरवावी.

१० जून

टायर. पोकळ व्हिनाइल टायर व्हर्नियरच्या जबड्यात दाबला जातो आणि व्यास २३.६-२३.७ दाखवतो. रिमवर चढवून, दोन सरळ ठोकळ्यांमध्ये हलकेच टेकवून, ठोकळ्यांमधलं अंतर मोजलं: चारही २४.० ते २४.१. खरा १८५/६० आर १४ टायर ५७७.६ मिमी व्यासाचा, १/२४ मध्ये २४.०७. म्हणजे टायर बरोबर आहेत. दुसऱ्या किटमधले टायर-रिम घालायचे असतील तर ते आधी ठरवावेत. व्यास १ मिमीने बदलला की उंची ०.५ ने हलते आणि वरचं सगळं गणित नव्याने करावं लागतं.

१४ जून

डाव्या-उजव्या कमानीतला ०.२ चा फरक कुठून येतो ते शोधलं. नुसती चासी उलटी करून काचेवर ठेवली तर एक कोपरा डुगडुगतो. चासीला पीळ आहे. अशा चासीवर चाकं कितीही काटेकोर बसवली तरी एक चाक हवेत राहणार, म्हणून पीळ आधी काढायचा.

वाफा येणारं, पण उकळी न फुटलेलं पाणी. चासी त्यात अर्धा मिनिट, मग हातमोजे घालून उलट्या दिशेला जरा जास्तच पिळायची आणि तशीच धरून थंड पाण्यात. उकळत्या पाण्यात टाकली तर पातळ भाग, विशेषतः बॉडीला अडकणाऱ्या बाजूच्या पट्ट्या, लाटा आल्यासारख्या वाकतात आणि मग ते निस्तरणं फार कठीण. एका वेळी थोडंच करावं. आता काचेवर चारही कोपरे टेकतात, कमानी दोन्हीकडे २७.८.

व्हीलबेसही मोजला: ९९.७. बॉडीवरच्या कमानींची केंद्रं १००.० वर आहेत, म्हणजे चूक चासीची. पुढचं चाक कमानीत ०.३ मागे बसतं. उंच गाडीत हे लपतं. चाक कमानीत शिरलं की टायरभोवतीची चंद्रकोर एका बाजूला जाड दिसते आणि डोळा तिथेच अडकतो. स्टब (नकलमधून बाहेर आलेला, चाक बसतं तो दांडा) हलवायचाच आहे, तर ०.३ पुढेही घेऊ.

१५ जून

२.१ मिमी आणायचे कुठून?

बॉडी चासीवर खाली सरकवणं हा सगळ्यात आळशी उपाय. त्याने मागचंही बसतं आणि टब छताकडे सरकतो. बाद.

लोअर आर्म वाकवणं: प्लास्टिक वाकवलेल्या जागी पांढरं पडतं, काही दिवसांनी थोडं परत येतं आणि दोन्हीकडे सारखं वाकत नाही. हेही बाद.

नकलवरचा स्टब कापून वर बसवणं हा सर्वांत स्वच्छ मार्ग. आर्म, टाय रॉड (दोन्ही नकल जोडणारा आडवा दांडा), स्ट्रट सगळं जागच्या जागी राहतं, फक्त चाकाचं केंद्र हलतं. पण पूर्ण २.१ याच एका ठिकाणी घ्यायला रिम आडवी येते. १४ इंची रिम १/२४ मध्ये १४.८ व्यासाची, भिंतीची जाडी वजा जाता आतली त्रिज्या ६.७. स्टबच्या केंद्रापासून लोअर आर्मच्या टोकाचं बूड, खालच्या पिनेचं डोकं धरून, आज ५.८ वर आहे आणि हे टोक रिमच्या आत सुमारे १ मिमी शिरतं. स्टब २.१ वर गेला तर ते बूड केंद्रापासून ७.९ वर जाईल, म्हणजे सरळ रिमच्या कडेतून. चाक बसणारच नाही. जोर लावून बसवलं तर बाहेरच्या बाजूला कलंडून बसेल. स्टब वर घेतल्यावर चाक तिरकं का झालं, असं कोड्यात टाकणारं दुखणं बहुतेक हेच असतं. खापर मात्र भोकावर फोडलं जातं.

म्हणून वाटणी: स्टब १.२ वर, आणि नकल-आर्म मिळून सगळा संच चासीत ०.९ वर. स्टब १.२ ने गेला की आर्मचं बूड ७.० वर. पिनेचं ०.६ उंचीचं डोकं कानशीने सपाट केलं की ६.४. रिमपासून ०.३ मोकळं.

१७ इंची रिम असती तर आतली त्रिज्या सहज ८ च्या पुढे गेली असती आणि हा सगळा खटाटोप लागला नसता. मोठ्या रिमवाल्या गाड्या खाली आणणं सोपं जातं ते यामुळेच.

२१ जून

आधी ०.९ चं काम.

क्रॉसमेंबर चासीच्या चार उंचवट्यांवर बसतो. त्यांची उंची १.६. प्रत्येकाला ०.७ मिमी उंचीची चौकट, म्हणजे ०.५ आणि ०.२ शीटच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून, घातली आणि चौकटीच्या वर जेवढं राहिलं तेवढं कानशीने काढलं. चौकटीशिवाय नुसत्या नजरेने घासलं तर उंचवटा उतरता होतो, क्रॉसमेंबर तिरका बसतो आणि दोन्ही चाकं एका बाजूला कलतात. उंचवट्यात शिरणाऱ्या पिना तेवढ्याच, ०.९ ने छाटायच्या. राहिल्या तर भोकाच्या तळाला टेकून क्रॉसमेंबरला पूर्ण बसू देत नाहीत.

नकलच्या वरच्या टोकाला पिन आणि तिच्याखाली खांदा आहे. खांदा चासीतल्या स्ट्रटच्या घराला टेकतो. खांद्यातून ०.९ कापलं, पिन तशीच ठेवली. इथे कमी कापलं तर नकल आर्म आणि चासी यांच्यात आवळली जाते आणि स्टिअरिंग फिरत नाही. जास्त कापलं तर खुळखुळते. ०.१ कमी कापून मग १००० च्या पॉलिश पेपरवर थोडं थोडं उतरवत फिरवून पाहणं बरं. चाक सोडलं की नकल स्वतःच्या वजनाने फिरू नये, बोटाच्या धक्क्याने फिरावी, एवढी घट्ट.

संच वर गेला तसा टाय रॉडही ०.९ वर गेला आणि चासीच्या तळाशी दाखवलेल्या इंजिनच्या सम्पला (तेलपात्राला) टेकला. सम्पच्या खालच्या कोपऱ्यात रॉडच्या रुंदीची १ मिमी खोल खाच मारली. गाडी उलटी केल्याशिवाय ती दिसत नाही. रॉडलाच वाकवून वाट काढून देऊ नये: मधे वाकलेला रॉड आखूड होतो. रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर चाकांची पुढची टोकं बाहेर फाकतात, पुढे असेल तर आत वळतात.

२२ जून

स्टब. किटचा स्टब २.० मिमी जाड आणि पॉली कॅपमध्ये छान बसतो, म्हणून तोच परत वापरायचा आणि आतून १.० मिमी पितळी तारेची खुंटी द्यायची. स्टब नुसता सुपरग्लूने नकलवर चिकटवला तर पहिल्यांदा चाक ओढून काढतानाच हातात येतो. एवढ्याशा गोल तोंडाला पकड कितीशी असणार.

क्रम महत्त्वाचा. स्टब कापायच्या आधी, तो नकलवर असतानाच, पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) मधोमध ०.५ चं आणि मग १.० चं भोक पाडायचं. कापल्यावर ५ मिमीचा सुटा तुकडा धरून मधोमध भोक पाडणं जवळपास अशक्य. ड्रिल दर दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर काढून भुसा झटकायचा. घाई केली की प्लास्टिक वितळून ड्रिलला चिकटतं आणि ड्रिल बाजूला पळतं. भोक एका बाजूला गेलंच, तर तो स्टब टाकून २.० बाहेरच्या व्यासाची पितळी नळी आणि तिच्या आत बसेल अशी सळई वापरावी.

मग रेझर सॉने (पातळ पात्याच्या करवतीने) नकलच्या तोंडाला लागून स्टब कापला आणि नकलचं तोंड सपाट कानशीवर घासून एकसारखं केलं. स्टबचं कापलेलं तोंडही काटकोनात घासलं; चाकाचा उभेपणा याच दोन तोंडांवर ठरतो. कापण्यात आणि घासण्यात स्टब ०.४ ने आखूड होतो. त्याने काही बिघडत नाही, कारण चाक किती आत बसतं हे ब्रेक डिस्कच्या उंचवट्यावर ठरतं, स्टबच्या लांबीवर नाही.

भोकाच्या जागेसाठी जिग (भोक नेमक्या जागी पाडायचा साचा): १ मिमी शीटची ६ मिमी रुंद पट्टी. तिला खालच्या पिनेसाठी एक भोक, आणि स्टबच्या नव्या जागेसाठी १.० चं दुसरं. जुना स्टब नकलच्या खालच्या कडेपासून ४.० वर होता, नवा ५.२ वर आणि ०.३ पुढे. एका नकलवर जिगची एक बाजू बाहेर, दुसऱ्या नकलवर पट्टी उलटून दुसरी बाजू बाहेर. एकच बाजू दोन्हीकडे वापरली तर एक चाक ०.३ पुढे आणि दुसरं ०.३ मागे जातं, डाव्या-उजव्या व्हीलबेसमध्ये ०.६ चा फरक पडतो. जिगवर ठळक बाण काढून ठेवला, आणि ‘डावा’ ‘उजवा’ हे शब्द नकलच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने.

जिगमधून १.० ने भोक पाडून मग ते १.३ पर्यंत मोठं केलं. तार १.० ची, भोक १.३ चं: तार दोन्हीकडे ०.१५ हलते. हा ढिलेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. भोक तारेइतकंच घट्ट पाडून गणितावर विश्वास टाकला तर चासी, नकल, स्टब आणि टायर या चौघांच्या बारीकसारीक चुका एकमेकींत मिसळतात आणि शेवटी एक चाक कागदाइतकं वर राहतं. शेवटचे ०.१-०.२ मिमी काचेनेच ठरवायचे.

नकलच्या मागे ०.५ शीटचा छोटा तुकडा चिकटवला. भोकाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम ०.९ मिमी प्लास्टिक उरतं, त्याला पाठबळ हवं.

२३ जून

डिस्कच्या मागे नकलवर बसणारी एक जीभ आहे, ती आता जुळत नाही. कापून टाकली. डिस्क स्टबवर ओवली जात असल्याने ती आपोआप नव्या केंद्रावर येते. कॅलिपर (डिस्कवर बसणारा ब्रेकचा भाग) रिमच्या आत मोकळा फिरतो.

२८ जून

चाकाला वर जायला जागा आहे का?

चासीत ओतलेल्या चाकाच्या घराचं छत हबच्या केंद्रापासून १३.६ वर होतं. चाक २.१ वर गेलं की छत ११.५ वर, आणि टायरची त्रिज्या १२.०. टायर छतात अर्धा मिलिमीटर घुसतो. हे न तपासता पुढे गेलं तर टायर छताला टेकून गाडीला वरच धरून ठेवतो, आणि सगळं मोजून-मापून करूनही नाक १.६ च खाली आलेलं दिसतं. बोटाने बॉनेट दाबलं तर खाली जातं, सोडलं की परत वर येतं. अशी गाडी दिसली की स्टबकडे न जाता आधी छत पाहावं.

छत १.१ जाड. आतून घासून ०.९ काढलं तर ०.२ चा पापुद्रा उरतो, तो केव्हाही फाटणार. त्यापेक्षा टायरच्या माथ्यावर १४ मिमी लांब आणि टायरपेक्षा १ मिमी रुंद अशी खिडकी कापली आणि वरून ०.३ शीटचं झाकण चिकटवलं. झाकणाचं पोट आता केंद्रापासून १२.६ वर, टायरपासून ०.६ मोकळं. इंजिन नसल्यामुळे वर जागाच जागा आहे. इंजिन असलेल्या किटमध्ये हे झाकण बॅटरीच्या खालच्या ताटाला लागू शकतं.

टायर आणि चासी यांच्यात फट ठेवण्याला आणखी एक कारण आहे. मऊ व्हिनाइल टायरमधलं प्लास्टिसायझर (मऊपणा आणणारं रसायन) स्टायरीनमध्ये, म्हणजे किटच्या प्लास्टिकमध्ये, उतरतं आणि काही वर्षांनी टेकलेली जागा चिकट होऊन खड्डा पडतो. काही जुन्या मॉडेलांच्या रिम आतून अशाच खाल्लेल्या सापडतात. रिमवर टायर बसतो तिथे रंगाचा किंवा प्राइमरचा एक पूर्ण थर असावा. कोरं प्लास्टिक नको.

कमानीची कड: १.४ जाड, म्हणजे खऱ्या गाडीत ३४ मिमी जाडीचा पत्रा. टायरला ती लागत नाही. पण चाक जवळ आल्यावर जाडी फार उघडी पडते. आतल्या बाजूने, कडेपासून ३ मिमीच्या पट्ट्यात उतार देत कड ०.५ वर आणली. आधी गोल कानस, मग पेन्सिलीला गुंडाळलेला ४०० चा पेपर. दिव्यासमोर धरली की पातळ झालेली जागा उजळ दिसते. सगळीकडे सारखी उजळ झाली की थांबायचं. बाहेरून कडेची रेषा अजिबात घासायची नाही, नाहीतर मोजलेली १३.७ ची उंचीच बदलते.

२९ जून

बैठक, म्हणजे चारही चाकं काचेवर नेमकी टेकवणं. सगळ्या नोंदींत मोलाचं काम हेच.

सिलच्या चार मोजबिंदूंखाली ७.५ मिमीचे चार ठोकळे: सात चकत्या १ ची, एक ०.५ ची. डिंकाचा थर मोजमापात भर घालतो, म्हणून चिकटवल्यावर प्रत्येक ठोकळा व्हर्नियरने तपासून काचेवर पेपर ठेवून जुळवून घेतला. चासी-बॉडी टेपने आवळून, मागची चाकं लावून ठोकळ्यांवर ठेवली. छतावर मधोमध ५० ग्रॅम वजन, खाली फडकं. मागच्या दोन्ही टायरखालून कागदाची पट्टी ओढून पाहिली: किंचित अडत निघते. म्हणजे मागची उंची ठोकळ्यांशी जुळते. इथे मागचं चाक हवेत असेल तर पुढचं काही चिकटवू नये, ठोकळे बदलावेत.

मग नकल, क्रॉसमेंबर, टाय रॉड बसवून टाय रॉडला टेपने सरळ रेषेत बांधलं. फिरणाऱ्या पिनांना व्हॅसलीनचा पुसट हात. इपॉक्सी ओघळून तिथे गेलं तर स्टिअरिंग कायमचं बंद. खुंटीची तार स्टबमध्ये सुपरग्लूने आधीच पक्की केलेली होती.

नकलच्या भोकात आणि तोंडावर सावकाश धरणारं इपॉक्सी. पाच मिनिटांत घट्ट होणारं घेतलं तर दुसऱ्या चाकापर्यंत पोचायच्या आत पहिलं गोठायला लागतं. सुपरग्लू तर नकोच, तो हलवायला वेळच देत नाही. प्लास्टिकचं पातळ सॉल्व्हंट सिमेंट पितळाला धरत नाही, हेही लक्षात असू द्यावं.

स्टब घातला, डिस्क, चाक. टायर काचेवर टेकवला. आता तीन गोष्टी पाहायच्या, याच क्रमाने:

उभेपणा: लहान गुण्या काचेवर उभा करून टायरच्या बाजूला लावला. २४ मिमी टायरला १ अंश कललेपणा म्हणजे माथ्याशी ०.४ मिमी फट. वरची बाजू ०.२ पर्यंत आत असेल तर चालेल, नजरेला ते जाणवत नाही. वरची बाजू बाहेर गेलेली अजिबात नको. तेवढ्यानेच गाडी खेळण्यातली वाटायला लागते.

व्हीलबेस: दोन्हीकडे हबपासून हब १००.० ± ०.१.

टेकणं: चारही टायरखाली कागद. चारही सारख्याच जोराने अडायला हवेत.

कागद मोकळा सरकत असेल तर त्या चाकाला टाचणीच्या टोकाने खाली ढकलायचं, ०.१५ चा ढिलेपणा इथे कामी येतो. इपॉक्सी घट्टसर होईपर्यंत दर काही मिनिटांनी हे तिन्ही पुन्हा पाहावे लागतात, कारण पॉली कॅपचा ताण चाकाला हळूहळू ओढत असतो. मग रात्रभर हात लावायचा नाही.

३० जून

ठोकळे काढून मोजमाप:
पुढची कमान: २५.७, २५.७
मागची कमान: २६.३, २६.३
सिल: पुढे ७.५, मागे ७.५
ओठ: ५.६

पुढची कमान मागच्यापेक्षा ०.६ खाली आहे आणि सिल समपातळीत. कमानी जुळवत बसलो असतो तर नाक ०.६ वर राहिलं असतं.

चाकं काढून घातली, स्टब जागचा हलला नाही. नकलच्या मागे डोकावणारी तार छाटून वर इपॉक्सीचा एक थेंब.

५ जुलै

चाकांची दिशा. दोन्ही पुढच्या टायरच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर हबच्या उंचीवर मोजलं, फरक ०.२. ०.३ च्या आत असेल तर सोडून द्यावं. जास्त असतं तर टाय रॉडच्या एका टोकाचं भोक भरून नव्या जागी पाडलं असतं. रॉड ताणून किंवा गरम करून लांब करणं टिकत नाही.

चाकं पूर्ण वळवून पाहिली. डावीकडे वळवल्यावर उजव्या टायरची मागची कड छताच्या खिडकीच्या कोपऱ्याला लागते. कोपरा गोल केला. वळलेली चाकं दाखवायची नसतील तर स्टिअरिंग याच टप्प्यावर सरळ चिकटवून टाकणं शहाणपणाचं. फिरतं ठेवलेलं स्टिअरिंग हाताळताना दर वेळी थोडं सैल होत जातं.

पॉली कॅपमध्ये डावं चाक किंचित डगडगतं. स्टबवर पातळ वार्निशचा एक हात देऊन, पूर्ण वाळल्यावर बसवलं. डगडग गेली. वार्निश ओलं असताना चाक बसवलं तर ते कॅपला चिकटतं.

६ जुलै

रंगाला जाण्याआधी सूचना: स्टबला टेपची टोपी घालायची, प्राइमर आणि रंगाने तो ०.१ जाड होतो आणि कॅप फाटते. क्रॉसमेंबर चासीला आता चिकटवला तरी चालेल. बॉडी चासीत अडकते त्या बाजूच्या पट्ट्यांवर रंगाचा थर जमू द्यायचा नाही, नाहीतर बॉडी तेवढी वर राहते आणि चारही कमानींचे आकडे वाढतात.

तळफळीवर बसवताना स्क्रू मागच्या ॲक्सलच्या पुढे, चासीच्या जाड भागात घ्यायचा. पुढच्या क्रॉसमेंबरमधून घेतला तर स्क्रू आवळताना क्रॉसमेंबर खाली ओढला जातो, आर्म वाकतात आणि दोन्ही चाकं माथ्याशी आत कलतात. एकाच स्क्रूवर गाडी फिरत असेल तर दुसरा स्क्रू न घेता फळीला दोन बारीक पिना ठोकून त्या चासीच्या भोकांत अडकवाव्यात. फळीवर पॉलिश असेल तर चारही टायरखाली पारदर्शक पॉलिएस्टरच्या गोल चकत्या. इथेही व्हिनाइलमधलं प्लास्टिसायझर पॉलिशमध्ये उतरतं आणि टायर फळीला चिकटून बसतो.